शैवाल आधी का? एका अभ्यासक्रमाचा इतिहास

बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र हा विषय घेतलेल्या विद्यार्थ्याची पहिली गाठ पडते ती शैवालांशी. क्लॅमिडोमोनस, व्हॉल्व्हॉक्स, स्पायरोगायरा अशी एकेकाची आकृती वहीत काढून झाली की कवके येतात. मग रिक्सिया आणि फ्युनॅरिया, मग सेलॅजिनेला व नेचे, मग सायकस आणि पाइन, आणि सरतेशेवटी सपुष्प वनस्पती. दारातली जास्वंद, शेतातली ज्वारी आणि परसातला शेवगा यांची पाळी येईपर्यंत बराच काळ लोटतो. झाड पाणी वर कसे चढवते, पानात साखर कशी होते, हे तर आणखी पुढे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ साली देशभरासाठी जो नमुना अभ्यासक्रम सुचवला त्यातही पहिली अभ्यासपत्रिका सूक्ष्मजीव व शैवाल यांचीच होती, आणि वनस्पतींच्या शरीरक्रियाविज्ञानाची पाळी सहापैकी पाचव्या सत्रात येत होती.

गंमत अशी, की शाळेत मात्र उलटे असते. सातवी-आठवीतली मुले पानाला काळ्या कागदाची पट्टी लावतात, कुंडी उन्हात ठेवतात, मग पान स्पिरिटमध्ये उकळून त्यावर आयोडीन टाकतात आणि झाकलेला भाग निळा झाला नाही हे पाहतात. म्हणजे लहानपणी आपण जिवंत झाडाला प्रश्न विचारतो, आणि पदवीच्या वर्गात गेल्यावर काचपट्टीवरच्या मृत, रंगवलेल्या छेदांपासून पुन्हा ओळख करून घेतो! बारावीतला एखादा चौकस विद्यार्थी शिक्षकांना विचारतोच, की हा क्रम ठरवला कोणी? 'साध्याकडून गुंतागुंतीकडे' हे ठरलेले उत्तर खोटे नाही, पण पुरेही नाही. हा क्रम निसर्गाने आखून दिलेला नाही. तो विशिष्ट माणसांनी, विशिष्ट वर्षी, विशिष्ट हेतूने घडवला. आणि एकदा, १९१७ साली, पाच जणांनी तो मोडून काढण्याचा रीतसर प्रयत्नही केला. त्या प्रयत्नाचे पुढे काय झाले, हे समजून घ्यायचे तर थोडे मागून यायला हवे.

वैद्यांची दासी

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वनस्पतिशास्त्राची स्वतंत्र पदवी कुठेच नव्हती. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला औषधी झाडे ओळखता यावीत, एवढ्यापुरता तो विषय होता. केंब्रिज विद्यापीठात टॉमस मार्टिन हे १७६२ पासून १८२५ पर्यंत, म्हणजे त्रेसष्ट वर्षे, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांतली शेवटची कितीतरी वर्षे त्यांनी व्याख्यानेच दिली नव्हती. त्यांच्यामागून आलेल्या जॉन हेन्स्लो यांनी विषयात जीव आणला. ते प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात फूल देत, ते ज्याचे त्याला उकलून पाहायला लावत, भिंतीवर मोठमोठी रंगीत चित्रे लावत आणि वर्ग घेऊन रानात जात. चार्ल्स डार्विन त्यांच्या वर्गात बसत असे. बीगल जहाजावरील जागेसाठी त्याचे नाव सुचवले ते हेन्स्लोंनीच. पुढे हिचम या खेड्यात धर्मोपदेशक म्हणून असताना त्यांनी तिथल्या गरीब शेतमजुरांच्या मुलांनाही याच पद्धतीने वनस्पतिशास्त्र शिकवले.

१८४८ साली केंब्रिजने निसर्गविज्ञानांची परीक्षा मंजूर केली व १८५१ साली ती पहिल्यांदा झाली. तिच्यात वनस्पतिशास्त्र होते. हेन्स्लोंच्या हस्तलिखित टिपणांवरून डॅनियल ऑलिव्हर यांनी १८६४ साली शाळांसाठी एक छोटे पाठ्यपुस्तक रचले, आणि १८६९ साली त्याच धर्तीवर खास हिंदुस्थानसाठी दुसरे. क्यू उद्यानातल्या वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात बसून लिहिलेले ते पुस्तक आपल्याकडील इंग्रजी शिक्षणातल्या अगदी आरंभीच्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांपैकी होय. या ऑलिव्हरांचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्यांच्या मुलाशी आपली पुढे गाठ पडणार आहे.

या सर्व पुस्तकांत फूल आधी येते. पाकळ्या मोजा, केसर मोजा, कुल ओळखा. शैवालांना तिथे फारसे स्थान नाही.

संगीताच्या दुकानातला शास्त्रज्ञ

क्रम उलटा करण्याचे मूळ श्रेय ज्या माणसाकडे जाते तो विद्यापीठात शिकलेलाच नव्हता. व्हिल्हेल्म हॉफमाइस्टर हा लाइपझिगमधला संगीताच्या पुस्तकांचा प्रकाशक व विक्रेता. दृष्टी इतकी अधू, की वस्तू डोळ्यांजवळ आणल्याशिवाय दिसत नसे. सूक्ष्मदर्शकाला मात्र असा डोळा चालतो. दुकान सांभाळून पहाटेच्या वेळी तो नेच्यांची, शेवाळ्यांची आणि सूचिपर्णी झाडांची बीजके व गर्भ पाहत बसे. १८५१ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

त्याला दिसले ते थोडक्यात असे. नेचाच्या पानामागे जे तपकिरी ठिपके असतात त्यांतून बीजुके बाहेर पडतात. बीजुक रुजले की नेचा उगवत नाही. उगवते नखाएवढे, हिरवे, बदामाच्या आकाराचे पातळ पान. त्यावर नर व मादी अवयव तयार होतात, पुंपेशी पाण्यातून पोहत अंडपेशीकडे जाते, आणि त्या मीलनातून पुन्हा मोठा नेचा उभा राहतो. म्हणजे एकाआड एक दोन पिढ्या. शेवाळ्यात याच दोन पिढ्या असतात, पण तिथे हिरवी, डोळ्यांना दिसणारी पिढी ही लैंगिक असते व बीजुके देणारी पिढी तिच्या माथ्यावर दांडीसारखी उभी असते. सेलॅजिनेलात लैंगिक पिढी बीजुकाच्या आतच आक्रसते. आणि सूचिपर्णी झाडात ती बीजांडाच्या आत लपलेली असते. वरवर पाहता एकमेकांशी काही संबंध नसलेल्या वनस्पती हॉफमाइस्टरने एकाच सूत्रात ओवल्या. डार्विनचा ग्रंथ यायला अजून आठ वर्षे होती. तो १८५९ साली आला, आणि हॉफमाइस्टरची ही माळ म्हणजे वनस्पतींच्या उत्क्रांतीचा जणू तयार वंशवृक्षच, असे लोकांना वाटू लागले. १८६३ साली या पुस्तकविक्रेत्याला हायडेलबर्ग विद्यापीठाने थेट प्राध्यापक नेमले.

आपल्या अभ्यासक्रमातले रिक्सिया-फ्युनॅरिया-सेलॅजिनेला-सायकस हे या माळेतले मणी होत. हे विद्यार्थ्यांना आधी सांगितले, तर पुष्कळ पाठांतर वाचेल असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. माळ न दाखवता सुटे मणी मोजायला दिले की कंटाळा येणारच.

त्याच काळात जर्मनीत दुसरी एक वाट निघाली होती. यूलिउस झाक्स याने १८६० च्या दशकात आयोडीनच्या साह्याने दाखवून दिले, की हरितकणांत दिसणारा स्टार्च हा प्रकाशात तयार होतो, आणि झाड अंधारात ठेवले की नाहीसा होतो. शाळेतला तो काळ्या पट्टीचा प्रयोग या कामातूनच आलेला. व्युर्त्सबुर्ग येथील झाक्सच्या प्रयोगशाळेत देशोदेशीचे तरुण येत. त्याचे १८६८ सालचे पाठ्यपुस्तक हे त्या काळचे सर्वांत वजनदार पुस्तक होते, आणि त्यात हॉफमाइस्टरची माळ व झाक्सचे प्रयोग दोन्ही एकत्र नांदत होते. ही गोष्ट महत्त्वाची आहे. मूळ घरात भांडण नव्हते. ते वाटणीच्या वेळी झाले.

शिक्षकांचा वर्ग

हे नवे वनस्पतिशास्त्र इंग्लंडमध्ये आले ते विद्यापीठाच्या दारातून नव्हे, तर शाळाशिक्षकांच्या उन्हाळी वर्गातून. १८७१ साली टॉमस हेन्री हक्सली यांनी लंडनला सरकारी खर्चाने विज्ञान-शिक्षकांसाठी जीवशास्त्राचा वर्ग सुरू केला. पुढच्या वर्षी साउथ केन्सिंग्टनला नवी प्रयोगशाळा मिळाली. त्या काळी शाळांना परीक्षेच्या निकालावर अनुदान मिळे, त्यामुळे शिक्षक पुस्तकातले उतारे घोकून घेत आणि कित्येकांनी सूक्ष्मदर्शकाला कधी हातही लावलेला नसे. हक्सलींनी पद्धत घातली ती अशी, की सकाळी एक व्याख्यान आणि मग उरलेला दिवस प्रत्येकाने स्वतःच्या हाताने तोच जीव पाहायचा, चिरायचा, काढायचा. १८७३ साली थिसल्टन-डायर यांनी तिथे शिक्षकांसाठी वनस्पतींचा स्वतंत्र वर्ग घेतला.

सगळे जीव दाखवणे अशक्य, म्हणून थोडे प्रातिनिधिक नमुने निवडले गेले. १८७५ साली हक्सली व मार्टिन यांनी या वर्गाचे जे पुस्तक काढले त्यात वनस्पतींकडचे नमुने होते यीस्ट, प्रोटोकॉकस, जीवाणू, बुरशी, कारा, ब्रॅकन नेचा आणि बाकला. एकपेशीयापासून बाकल्यापर्यंत. हे सर्व कोणत्याही गावात फुकट मिळण्यासारखे. आमच्या मते या निवडीतली खरी खुबी हीच होती. ती शिडी म्हणून जेवढी नव्हती तेवढी हाताशी मिळणारी वस्तू म्हणून होती. आणखी एक मौज पाहा. १८८८ साली याच पुस्तकाची सुधारलेली आवृत्ती निघाली तेव्हा क्रम उलटा करून सुरुवात बेडकापासून करण्यात आली, कारण परिचिताकडून अपरिचिताकडे जाणे नवशिक्याला सोपे पडते असा अनुभव आला होता. म्हणजे ज्यांनी हा क्रम घातला त्यांनी तेरा वर्षांत तो बदलूनही पाहिला. अनुकरण करणाऱ्यांनी मात्र पहिलाच क्रम धरून ठेवला.

केंब्रिजचे सिडनी व्हाइन्स, फ्रान्सिस डार्विन, फ्रेडरिक बाउअर ही तरुण मंडळी व्युर्त्सबुर्गला जाऊन आली होती. आपले जगदीशचंद्र बोस १८८४ साली केंब्रिजची निसर्गविज्ञानाची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यांना वनस्पतिशास्त्र शिकवले ते व्हाइन्स आणि फ्रान्सिस डार्विन यांनी. बाउअर व व्हाइन्स यांनी १८८५ पासून दोन भागांत काढलेले प्रात्यक्षिकांचे पुस्तक पुढे सर्वत्र गेले. बाउअर त्याच वर्षी ग्लासगोला प्राध्यापक झाले आणि तिथे चाळीस वर्षे राहिले. जुन्या फुले मोजण्याच्या पद्धतीविरुद्धचे हे बंडखोर होते, हे विसरू नये.

पण बंडखोरांचा अभ्यासक्रम परीक्षेच्या हाती पडला. नमुन्यांची यादी वाढत गेली. प्रत्येक नमुन्याचा आयुष्यक्रम, प्रत्येक आयुष्यक्रमातील अवयवांची नावे, आणि कोणापासून कोण उत्क्रांत झाला याविषयी प्रत्येक प्राध्यापकाचा वेगळा तर्क. हे तर्क तपासून पाहण्याचे साधन त्या वेळी नव्हते. काचपट्ट्या तयार मिळू लागल्या, तेव्हा विद्यार्थ्याने जिवंत वनस्पती पाहण्याचीही गरज उरली नाही.

पाच जणांचे पत्रक

डिसेंबर १९१७ च्या 'न्यू फायटॉलॉजिस्ट' या नियतकालिकात प्राथमिक वनस्पतिशास्त्राच्या अध्यापनाची पुनर्रचना करावी, असे सांगणारा एक लेख आला. त्याखाली पाच सह्या होत्या. फ्रेडरिक फ्रॉस्ट ब्लॅकमन, त्यांचे धाकटे बंधू व्हर्नन ब्लॅकमन, फ्रेडरिक कीबल, फ्रान्सिस ऑलिव्हर आणि आर्थर टान्सली.

थोरले ब्लॅकमन आपल्या परिचयाचे आहेत. प्रकाशसंश्लेषणाचा वेग सर्वांत तुटपुंज्या घटकावर ठरतो, हा त्यांनी १९०५ साली मांडलेला मर्यादक घटकांचा नियम अकरावीच्या पुस्तकात असतो. धाकटे ब्लॅकमन लंडनच्या इंपीरियल कॉलेजात होते. रोपाची वाढ चक्रवाढ व्याजासारखी होते हे त्यांनी १९१९ साली मांडले. कीबल तेव्हा युद्धकाळात सरकारच्या अन्नोत्पादन खात्यात काम करीत होते. जर्मन पाणबुड्यांमुळे इंग्लंडचे धान्य समुद्रात बुडत होते, आणि शेत जास्त कसे पिकवावे या प्रश्नाला विद्यापीठातून बाहेर पडलेल्या वनस्पतिशास्त्राच्या पदवीधरांकडे उत्तर नव्हते. ऑलिव्हर हे त्या हिंदुस्थानी पाठ्यपुस्तकवाल्या डॅनियल ऑलिव्हरांचे चिरंजीव, वडिलांच्याच खुर्चीवर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक. आणि टान्सली हे ऑलिव्हरांचे विद्यार्थी, 'न्यू फायटॉलॉजिस्ट'चे संस्थापक-संपादक, आणि पुढे १९३५ साली 'इकोसिस्टिम' हा शब्द रूढ करणारे.

यातले दोघे घरभेदी होते, असे म्हटले तरी चालेल. ऑलिव्हरांनी डी. एच. स्कॉट यांच्यासह १९०३ साली दाखवून दिले होते, की नेच्यासारखी पाने असलेल्या काही जीवाश्म वनस्पतींना चक्क बिया येत असत. आकारविज्ञानातला तो एक मोठा शोध. टान्सलींनीही नेच्यांच्या वाहक ऊतींच्या उत्क्रांतीवर व्याख्यानमाला लिहिली होती. ज्यांना ती माळ येत नव्हती असे लोक तिच्याविरुद्ध बोलत नव्हते, तर ती चांगली येणारे बोलत होते.

त्यांचे म्हणणे साधे होते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला वनस्पती ही जगणारी, श्वसन करणारी, वाढणारी, परिस्थितीशी झगडणारी वस्तू म्हणून भेटली पाहिजे. शरीरक्रियाविज्ञान हा कणा असावा आणि रचना ही कार्याच्या संदर्भात शिकवावी. परिस्थितिविज्ञान व आनुवंशिकी यांना जागा द्यावी. वंशवृक्ष जुळवण्याचा छंद पहिल्या वर्षातून काढावा. आणि या विषयाचा शेतीशी, वनांशी, माणसाच्या जगण्याशी असलेला संबंध लपवून ठेवू नये.

प्रतिक्रिया तीव्र आली. पुढचे वर्षभर नियतकालिकात पत्रे छापली जात होती. ग्लासगोहून बाउअर यांनी जे उत्तर लिहिले त्याचा मथळाच होता 'वनस्पतिशास्त्रीय बोल्शेव्हिझम'. रशियातील क्रांती होऊन जेमतेम काही महिने झाले होते, तेव्हा हा शब्द थट्टेचा नव्हता. चाळीस वर्षांपूर्वी व्युर्त्सबुर्गहून नवे वारे घेऊन आलेला तरुण आता वाडा राखत होता!

पण बाउअरांची बाजू पोकळ होती असे आम्ही म्हणणार नाही. वनस्पती आज जशी आहे तशी का आहे, याचे उत्तर निव्वळ रसायनात सापडत नाही. तिला इतिहास आहे. आणि योगायोग असा, की ज्या वर्षी पाच जणांनी वंशवृक्षाचा छंद सोडा म्हटले त्याच १९१७ साली स्कॉटलंडमधील रायनी गावच्या गारगोटीतून मिळालेल्या वनस्पतींचे पहिले वर्णन किड्स्टन व लँग यांनी प्रसिद्ध केले. चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या, मुळे नाहीत, पाने नाहीत, नुसत्या दुभंगत जाणाऱ्या दांड्या आणि टोकाला बीजुककोश, अशा त्या जमिनीवरच्या आरंभीच्या वनस्पती. पेशीन्‌पेशी शाबूत. लँग हे बाउअरांचेच शिष्य. वंशवृक्षाचा प्रश्न संपला नव्हता, तर त्याला नुकते कुठे पुरावे मिळू लागले होते.

हा वाद जिंकला कोणी? १९२० साली ऑक्सफर्डचे प्राध्यापकपद कीबल यांना मिळाले आणि १९२७ साली त्यांच्यामागून टान्सलींना. मधल्या काळात टान्सलींनी १९२३ साली केंब्रिजची नोकरी सोडली होती आणि ते व्हिएन्नाला फ्रॉइडकडे मानसशास्त्राचा अभ्यास करीत होते. जाण्यापूर्वी, १९२२ साली, त्यांनी केंब्रिजच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना दिलेल्या व्याख्यानांचे एक पुस्तक काढले. त्याचे नाव त्यांनी वनस्पतिशास्त्र असे न ठेवता 'वनस्पती-जीवशास्त्राची मूलतत्त्वे' असे ठेवले. आज परदेशांतील पुष्कळ विभागांच्या दारावर 'प्लँट बायॉलॉजी' अशी पाटी दिसते. पाटी बदलली म्हणून आतला क्रम बदलतोच असे नाही.

लाहोर, कटक, मुंबई, दिल्ली

हा वाद चालू असताना केंब्रिजमध्ये दोन भारतीय विद्यार्थी होते. एक बिरबल सहानी. लाहोरला ते शिवराम कश्यप यांच्या हाताखाली शिकले. कश्यप म्हणजे हिमालयातील शेवाळीसदृश लिव्हरवर्ट वनस्पतींचे अधिकारी अभ्यासक. सहानी १९११ मध्ये केंब्रिजला गेले आणि जीवाश्मांचे अभ्यासक असलेल्या स्यूअर्ड यांच्याकडे काम करून १९१९ साली परतले. दुसरे प्राणकृष्ण परिजा, ओडिशाचे. त्यांनी काम केले ते थोरल्या ब्लॅकमन यांच्याकडे. साठवणीतली सफरचंदे कशी श्वसन करतात यावरील ब्लॅकमन व परिजा यांचे निबंध १९२८ साली रॉयल सोसायटीने छापले. एकाच इमारतीत, एकाच काळी, वादाच्या दोन्ही बाजूंना एकेक भारतीय शिकत होता.

परतल्यावर काय झाले? परिजा कटकच्या रॅव्हेन्शॉ महाविद्यालयात गेले, आणि पुढे उत्कल विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. सहानी १९२१ पासून लखनौला. लोसन यांच्या पाठ्यपुस्तकाची भारतीय आवृत्ती त्यांनी विलिस यांच्यासह सिद्ध केली, आणि ती देशभर वापरली गेली. त्यांच्या शिष्यांनी ठिकठिकाणी विभाग उभे केले. हॉफमाइस्टरची माळ आपल्याकडे एवढी घट्ट बसली याचे एक कारण ही कर्तबगार शिष्यपरंपरा आहे. दुसरे कारण कमी तेजस्वी आहे. शैवालाची काचपट्टी वीस वर्षे टिकते, तिला वीज लागत नाही, रसायने लागत नाहीत आणि एक काचपट्टी साठ विद्यार्थ्यांना पुरते. श्वसनाचा वेग मोजायचा तर उपकरण लागते, ते फुटते, आणि उत्तर दर वेळी वेगळे येते. परीक्षकाला ठरलेले उत्तर हवे असते. तोकड्या अनुदानावर चालणाऱ्या महाविद्यालयाने कोणती बाजू घ्यावी, हे त्या बिचाऱ्या महाविद्यालयाच्या हाती नव्हतेच.

महाराष्ट्राकडे पाहिले तर मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर हे जर्मनीत शिकायला गेले, पहिल्या महायुद्धात तिथेच स्थानबद्ध झाले, १९१९ साली बर्लिनची डॉक्टरेट घेऊन आले व १९४६ पर्यंत कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी पुण्यात जी संस्था उभारली तिला १९९२ पासून त्यांचे नाव आहे. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये रुस्तुम दस्तूर यांनी शरीरक्रियाविज्ञानाची परंपरा जोपासली. १९३० च्या दशकात पंजाबात अमेरिकन कापसाची बोंडे अकाली, अर्धवट उमलू लागली. शेतकरी त्याला तिरक म्हणत. लोक रोगजंतू शोधत होते. दस्तूर यांनी तिथे जाऊन दाखवले, की हा रोगच नव्हे. वाळूसर जमिनीत नत्र कमी पडते, आणि काही शेतांत खालच्या थरात क्षार असल्याने मुळांना पाणी मिळत नाही. पहिल्या जमिनीला अमोनियम सल्फेट आणि दुसरीत पेरणी थोडी उशिरा, हे उपाय त्यांतून निघाले. पाच जणांच्या पत्रकाला हवा होता तो पदवीधर असाच असावा. असे दस्तूर आपल्याकडे फार झाले नाहीत.

मात्र दोन बाजू मांडून एकीला शाबासकी द्यावी, तर पंचानन माहेश्वरी आडवे येतात. अलाहाबादच्या इविंग ख्रिश्चन महाविद्यालयात विनफील्ड डजन या अमेरिकन अध्यापकाने त्यांना घडवले. गुरुदक्षिणा काय देऊ असे विचारल्यावर, मी तुझ्यासाठी केले ते तू तुझ्या विद्यार्थ्यांसाठी कर, असे डजन म्हणाले, ही आठवण त्यांच्या शिष्यवर्गात सांगितली जाते. माहेश्वरी पूर्णपणे हॉफमाइस्टरच्या वाटेवरचे. बीजांडाचे पातळ छेद घ्यायचे आणि गर्भ कसा घडतो ते पाहायचे. १९४९ साली ते दिल्ली विद्यापीठात आले, आणि १९५० साली त्यांचा आवृतबीजींच्या गर्भविज्ञानावरील ग्रंथ निघाला. पण ते छेदांवर थांबले नाहीत. हजारो छेद पाहिल्यामुळेच कोणत्या दिवशी कोणत्या पेशीत काय चालले आहे हे त्यांच्या विभागाला पाठ होते, आणि त्या बळावर त्यांनी बीजांडे, गर्भ, परागकोश काचनळीत वाढवायला सुरुवात केली. १९६२ साली अफूच्या बीजांडांचे फलन काचनळीत घडवून आणल्याचे तिथून प्रसिद्ध झाले. १९६४ साली शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोतऱ्याचे परागकोश पोषक माध्यमात ठेवले असता परागकणांपासून थेट गर्भ उगवल्याचे 'नेचर'मध्ये जाहीर केले. निम्मीच गुणसूत्रे असलेली, एकगुणित रोपे! अशा रोपाची गुणसूत्रे दुप्पट केली की एका पिढीत शुद्ध वाण मिळते. एरवी त्याला सहा-सात पिढ्या लागतात. जगभरच्या पीकसुधारकांनी हे तंत्र उचलले. हॉफमाइस्टरची ती लपलेली लैंगिक पिढी नीट ओळखणाऱ्यांच्याच हाती हे लागावे, हे आम्हांस अगदी स्वाभाविक वाटते.

वंशवृक्षाचेही तसेच झाले. १९१७ साली जे तर्क तपासता येत नव्हते ते डीएनएमुळे तपासता येऊ लागले. क्लॅमिडोमोनसचा संपूर्ण जनुकसंच २००७ साली वाचला गेला, फिस्कोमिट्रेला या शेवाळ्याचा २००८ साली, व्हॉल्व्हॉक्सचा २०१० साली, सेलॅजिनेलाचा २०११ साली आणि मार्कँशियाचा २०१७ साली. प्रथम वर्षाच्या जर्नलमधली नावे प्रयोगशाळांतून पुन्हा ऐकू येऊ लागली. या कामातून एक अनपेक्षित गोष्ट निघाली. जमिनीवरच्या सर्व वनस्पतींचा सर्वांत जवळचा जलवासी नातेवाईक म्हणजे स्पायरोगायरा ज्या गटात मोडतो तो गट. म्हणजे डबक्यातला स्पायरोगायरा हा अभ्यासक्रमात शेजारी बसणाऱ्या व्हॉल्व्हॉक्सपेक्षा दारातल्या जास्वंदीला जवळचा. आणि कवके तर वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची. ती वनस्पतिशास्त्राच्या वर्गात अजून आहेत ती केवळ जुन्या भाडेकरूच्या हक्काने.

२०१५ च्या त्या नमुना अभ्यासक्रमात धोतऱ्याच्या परागकोशांपासून सुरू झालेले हे एकगुणित रोपांचे तंत्र आहे. ते शेवटच्या सत्रातल्या जैवतंत्रज्ञानाच्या अभ्यासपत्रिकेत येते. तिचा क्रमांक चौदा, शैवालांचा एक.